बोटांच्या ठशांचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायसहाय्यक विज्ञानाच्या इतिहासाबद्दल जे प्रश्न येतात, त्यांतले निम्म्याहून अधिक बोटांच्या ठशांभोवती फिरतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पोलिसांच्या लेखी ठशांचे तीन मुख्य प्रकार आहेत: कमान (रेषा एका बाजूने येऊन दुसरीकडे जातात), लूप (वळून त्याच बाजूला परततात) आणि व्होर्ल (गोल फिरतात). आपल्याकडे हात पाहणारे लूपला शंख आणि व्होर्लला चक्र म्हणतात. पुढे तेच सोपे शब्द वापरले आहेत.

१. ठशांवरून माणूस ओळखण्याचा शोध कोणी लावला?

एकच नाव देणारी उत्तरे चुकीची असतात. बोटांवरच्या रेषांचे पहिले शास्त्रीय वर्गीकरण ब्रेस्लाऊच्या यान पुरकिन्ये या शरीरक्रियातज्ज्ञाने १८२३ साली केले. त्याने नऊ आकृत्या पाडल्या, पण त्यावरून माणूस ओळखता येईल असे त्याने म्हटले नव्हते. सरकारी कामात ठसे नेमाने वापरले विल्यम हर्शेल याने, बंगालमध्ये (प्रश्न २). गुन्ह्याच्या जागचा ठसा गुन्हेगारापर्यंत नेऊ शकतो हे छापून पहिल्यांदा मांडले हेन्री फॉल्ड्स याने, तोकियोहून (प्रश्न ४). ठसे आयुष्यभर बदलत नाहीत याचा पुरावा आणि गणिती पाया फ्रान्सिस गॉल्टनने दिला. आणि लाखो ठशांतून हवा तो काही मिनिटांत शोधून काढण्याची रीत कोलकात्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली (प्रश्न ५ ते ७). ही शेवटची पायरी नसती तर आधीचे सगळे कुतूहलाच्या पातळीवरच राहिले असते.

२. हर्शेलने बंगालमध्ये नेमके काय केले?

विल्यम हर्शेल मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला मुलकी अधिकारी होता. जुलै १८५८ मध्ये त्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला, दोन हजार मणांचा. सही केल्यावर माणूस मागाहून ‘ही माझी नव्हे’ म्हणतो, हा त्या काळचा नेहमीचा त्रास होता. म्हणून कचेरीच्या शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या तळहाताला लावून हर्शेलने कराराच्या पाठीवर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हेतू फक्त धाक घालण्याचा होता. ठसा प्रत्येकाचा वेगळा असतो हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हते.

पुढे तो वर्षानुवर्षे ठसे गोळा करत राहिला. स्वतःचे, मित्रांचे, कारकुनांचे. त्याच माणसाचे ठसे काही वर्षांनी पुन्हा घेतले तर तसेच निघतात हे त्याच्या ध्यानात आले. १८७७ साली हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने तीन ठिकाणी ठसे लागू केले. पेन्शनीच्या वाटपात, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर भलताच पैसे उचलत असे. दस्तनोंदणीत. आणि तुरुंगात, कारण शिक्षा एकाला व्हायची आणि पैसे घेऊन ती दुसराच भोगायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने बंगालच्या तुरुंग अधिकाऱ्याला पत्र लिहून ही रीत सगळीकडे लावण्याची विनंती केली. पत्राला उत्साहाचा प्रतिसाद आला नाही आणि थोड्याच काळात हर्शेल मायदेशी परतला.

आज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत करताना फोटो चिकटवतात आणि बोटांचे ठसे घेतात, ते नोंदणी कायद्याच्या कलम ३२-अ प्रमाणे. हुगळीच्या कचेरीत चालायचे ते हेच काम.

३. ठशांच्या आधी सराईत गुन्हेगार कसा ओळखत?

नाव बदलले की माणूस बदलला, अशी अवस्था होती. तुरुंगाचे पहारेकरी चेहरे लक्षात ठेवत, एवढाच आधार. पॅरिसच्या पोलीस खात्यातला कारकून अल्फोन्स बर्टिलॉन याने १८७९ पासून शरीरमापनाची पद्धत उभी केली. उंची, दोन्ही हात पसरल्यावरची रुंदी, डोक्याची लांबी-रुंदी, उजवा कान, डावे पाऊल, डाव्या हाताचे मधले बोट अशी अकरा मापे. प्रौढपणी हाडे वाढत नाहीत, हे त्यामागचे गृहीत. फेब्रुवारी १८८३ मध्ये त्याने या पद्धतीने पहिला सराईत पकडून दाखवला. पोलीस ठाण्यात समोरून आणि बाजूने काढतात त्या फोटोची ठरावीक पद्धतही त्याचीच.

मापनात अडचणी होत्या आणि त्या हिंदुस्थानात जास्त जाणवल्या. कंपासासारखी उपकरणे महाग होती व बिघडायची. एकाच माणसाची मापे दोन कर्मचाऱ्यांनी घेतली की मिलिमीटरचा फरक पडायचा, आणि मोठे, मध्यम, लहान अशा वर्गवारीत सीमेवरचा आकडा असेल तर तेवढ्या फरकाने कार्ड भलत्याच खणात जायचे. वाढत्या वयाच्या मुलांना पद्धत लागूच नव्हती. आणि सगळ्यात मोठी उणीव ही की चोर घटनास्थळी आपल्या डोक्याची रुंदी सोडून जात नाही.

४. हर्शेल खरा की फॉल्ड्स खरा?

दोघेही, वेगवेगळ्या बाबतीत. फॉल्ड्स हा स्कॉटिश मिशनरी डॉक्टर तोकियोच्या त्सुकिजी भागात रुग्णालय चालवत होता. प्राचीन मडक्यांवर कुंभारांच्या बोटांच्या खुणा पाहून तो या विषयाकडे वळला. त्याचे पत्र ‘नेचर’ नियतकालिकात २८ ऑक्टोबर १८८० रोजी छापले गेले. त्यात छपाईच्या शाईचा पातळ थर देऊन दहाही बोटांचे ठसे घ्यावेत ही सूचना आहे, आणि तेलकट बोटांच्या खुणांवरून स्पिरिट कोणी प्यायले व भिंतीवरच्या काजळीच्या खुणा कोणाच्या नाहीत, हे त्याने कसे ठरवले तेही आहे. महिनाभराने हर्शेलचे पत्र त्याच नियतकालिकात आले: आपण हे वीस वर्षांपासून करतो आहोत.

फॉल्ड्सने आधी डार्विनला लिहिले होते. डार्विनने ते पत्र आपला नातलग गॉल्टन याच्याकडे पाठवले. पुढे गॉल्टनने हर्शेलचे संकलन वापरले आणि श्रेयही त्याच्याकडे झुकते दिले. फॉल्ड्स मरेपर्यंत या अन्यायाबद्दल लिहीत राहिला. कागदपत्रे पाहता त्याची तक्रार रास्त होती. गुन्ह्याचा तपास हा विचार हर्शेलच्या कामात नव्हता, फॉल्ड्सच्या पहिल्याच पत्रात होता.

५. ‘हेन्री पद्धत’ म्हणजे काय? ठसे वेगळे असतात हे कळल्यावर अवघड काय राहिले होते?

शोधणे. एक लाख कैद्यांचे कागद कपाटात आहेत आणि समोर खोटे नाव सांगणारा माणूस उभा आहे. एकेक कागद भिंगाखाली धरायचा तर आठवडे जातील. गॉल्टनने कमान, शंख, चक्र असे तीन वर्ग केले, पण निसर्ग सारखी वाटणी करत नाही. साधारण ६० ते ६५ टक्के ठसे शंखाचे, ३० ते ३५ टक्के चक्राचे आणि कमानी जेमतेम ५ टक्के. त्यामुळे काही खण ओसंडून वाहत आणि बाकीचे रिकामे राहत.

बंगालचा पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री याने आधी बर्टिलॉनची मापे सुरू केली होती. मग १८९४ साली लंडनला गॉल्टनची भेट घेऊन तो ठशांकडे वळला. कोलकात्याच्या कचेरीत हक आणि बोस या त्याच्या दोघा कर्मचाऱ्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. बोटावर कोणती आकृती आहे हे विचारण्याऐवजी फक्त ‘चक्र आहे की नाही’ एवढेच विचारायचे. दहा बोटे, प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणजे १०२४ शक्यता. ३२ ओळी आणि ३२ स्तंभांचे कपाट की काम झाले. हीच ‘हेन्री पद्धत’.

१८९७ साली सरकारी समितीने ठसे आणि मापे यांची तुलना करून ठशांच्या बाजूने अहवाल दिला. जूनमध्ये मंजुरी मिळाली आणि कोलकात्यात जगातले पहिले अंगुलीमुद्रा केंद्र उभे राहिले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात अशी शाखा सुरू झाली ती १ जुलै १९०१ रोजी, चार वर्षांनी.

६. कपाटातला खण ठरवणारा अपूर्णांक कसा काढतात? उदाहरण देऊन सांगा.

बोटांना क्रमांक द्या. उजवा अंगठा १, तर्जनी २, मधले ३, अनामिका ४, करंगळी ५. डावा अंगठा ६ आणि तसेच पुढे डाव्या करंगळीला १०. आता दोन-दोनच्या जोड्या करा आणि चक्र असलेल्या बोटाला जोडीचे मूल्य द्या:

१ आणि २ ला १६. ३ आणि ४ ला ८. ५ आणि ६ ला ४. ७ आणि ८ ला २. ९ आणि १० ला १. चक्र नसेल तर शून्य.

सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ हा अंश. विषम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ हा छेद. समजा चक्र फक्त उजवा अंगठा, उजवी तर्जनी आणि डावी अनामिका यांवर आहे. सम बोटांत २ चे १६, अधिक १, म्हणजे १७. विषम बोटांत १ चे १६ व ९ चा १, अधिक १, म्हणजे १८. कागद १७/१८ च्या खणात. एकही चक्र नसेल तर १/१, दहाही चक्रे असतील तर ३२/३२. दोन्हीकडे १ मिळवतात तो याचसाठी, की ०/० असा खण राहू नये.

१/१ चा खण मात्र फुगतोच, कारण चक्र नसलेली माणसे पुष्कळ. म्हणून पुढच्या पायऱ्या आहेत. तर्जन्यांची आकृती पाहतात. शंख असेल तर आकृतीच्या केंद्रापासून डेल्टापर्यंतच्या (तीन दिशांच्या रेषा भेटतात त्या त्रिकोणी जागेपर्यंतच्या) रेषा मोजतात: तर्जनीवर ९ पर्यंत ‘आय’ (इनर, आतला), १० पासून ‘ओ’ (आउटर, बाहेरचा), मधल्या बोटावर १० पर्यंत ‘आय’, ११ पासून ‘ओ’. चक्र असेल तर डाव्या डेल्टाची रेषा उजव्या डेल्टाच्या आतून जाते, बाहेरून जाते की जवळ भेटते ते पाहतात. तीन किंवा जास्त रेषांचे अंतर असेल तरच आत किंवा बाहेर, नाहीतर ‘भेट’. नवशिक्याची चूक बहुतेक इथेच होते. डेल्टा नीट उमटलेला नसताना अंदाजाने मोजणी केली की कागद चुकीच्या गठ्ठ्यात जातो आणि मग तो असून नसल्यासारखा.

७. मग नाव हेन्रीचे का?

कारण तो साहेब होता आणि १९०० साली पुस्तक त्याच्या नावाने निघाले. मांडणीमागचे गणित हकांचे. ते खुलना जिल्ह्यातले, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले, आणि हेन्रीने त्यांना तिथूनच हेरले होते. हेमचंद्र बोसांनी उपविभाग रचण्यात भर घातली, ठशाचे वर्णन तारेने पाठवता यावे म्हणून सांकेतिक लिपी बनवली आणि एकेका बोटाच्या वर्गीकरणावरही काम केले.

हकांना खानबहादूर आणि बोसांना रायबहादूर हे किताब मिळाले, शिवाय प्रत्येकी ५,००० रुपये. तेही निवृत्तीच्या सुमारास अर्ज-विनंत्या झाल्यावर. हेन्रीने उतारवयात लेखी कबूल केले की वर्गीकरण पूर्णत्वाला नेण्यात आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हकांचा वाटा सर्वांत मोठा होता. हक १९३५ साली बिहारमध्ये मोतीहारीला वारले. जगभरच्या पोलीस खात्यांनी शंभर वर्षे वापरलेली पद्धत दोन भारतीय दुय्यम अधिकाऱ्यांनी बसवली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे. हेन्रीची बाजू हलकी करण्याचे कारण नाही. सरकारकडून पद्धत मंजूर करून घेणे आणि लंडनला नेणे हे त्याचेच काम. पण डोके कोणाचे चालले होते हे नीट सांगितले पाहिजे.

८. एखादे बोट तुटलेले असेल तर वर्गीकरण कसे होते?

तुटलेल्या बोटाला दुसऱ्या हातावरच्या त्याच बोटाची आकृती दिली असे धरतात. दोन्ही हातांचे तेच बोट नसेल तर दोन्हींना चक्र धरतात. बँडेज असेल किंवा जखम भरायची असेल तर कागदावर तसा शेरा मारून ठसा नंतर घ्यायचा. तात्पुरती जखम आणि कायमचे तुटलेले बोट यांत गल्लत झाली की पुढच्या वेळी त्याच माणसाचा कागद वेगळ्या खणात शोधला जातो.

९. ठशांवरून उकललेला जगातला पहिला खून कोणता?

अर्जेंटिनातला. जून १८९२, ब्युनोस आयरेस प्रांतातले नेकोचेआ. फ्रान्सिस्का रोखास हिची दोन लहान मुले मारली गेली. तिने शेजाऱ्यावर आरोप केला. मारहाण करूनही तो कबूल होईना. तपासासाठी आलेल्या एदुआर्दो आल्वारेस या पोलीस अधिकाऱ्याला दरवाज्याच्या चौकटीवर रक्ताळलेला अंगठा दिसला. त्याने लाकडाचा तो तुकडाच कापून नेला. ठसा आईचा निघाला आणि तिने गुन्हा कबूल केला. आल्वारेसला हे शिकवले होते ला प्लाता शहरातल्या हुआन वुसेतिच याने. क्रोएशियातून आलेल्या या माणसाने गॉल्टनचे लेखन वाचून स्वतःची वेगळी वर्गीकरणपद्धत रचली, आणि लॅटिन अमेरिकेत तीच रुजली.

१०. आणि भारतातला?

जलपाईगुडीचा. १८९७ च्या ऑगस्टमध्ये चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला सापडला, पैसे गेलेले होते. सामानात बंगाली पंचांग होते आणि त्यावर तपकिरी डाग. त्यातला एक डाग अंगठ्याचा निघाला. तो कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. आधी चोरीची शिक्षा भोगल्यामुळे त्याचा ठसा दफ्तरी होता. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल मात्र नाही. ठशाने हात पंचांगाला लागला एवढेच सिद्ध होते, सुरी कोणी चालवली ते सिद्ध होत नाही. पुराव्याची मर्यादा ओळखणारा हा निकाल आजही अभ्यासण्याजोगा आहे (प्रश्न १८).

इंग्लंडमध्ये ठशावरून पहिली शिक्षा झाली १९०२ साली, हॅरी जॅक्सनला. ओल्या रंगावर डावा अंगठा उमटला होता आणि चोरी बिलियर्डच्या चेंडूंची होती. खुनात पहिली शिक्षा १९०५ साली डेप्टफर्डच्या स्ट्रॅटन बंधूंना, रोकडपेटीवरच्या अंगठ्यामुळे. त्या खटल्यात फॉल्ड्स बचाव पक्षाच्या बाजूने उभा होता. एकाच बोटावर विसंबू नये असे त्याचे म्हणणे होते.

११. विल वेस्ट आणि विल्यम वेस्टची गोष्ट खरी आहे का?

दोन माणसे खरी, गोष्ट सजवलेली. अमेरिकेतल्या लेव्हनवर्थ तुरुंगात १९०३ साली एकाच नावाचे, एकाच चेहऱ्याचे आणि जवळजवळ त्याच मापांचे दोन कैदी समोरासमोर आले, मापे हरली आणि तिथल्या तिथे ठशांनी सोडवणूक केली, असे सांगतात. पण त्या तुरुंगात ठसे घेणे १९०४ च्या शेवटाकडे सुरू झाले. मापनपद्धत मागे पडली ती खर्चामुळे आणि प्रश्न ३ मधल्या दोषांमुळे, एका दिवसाच्या नाट्यामुळे नव्हे.

१२. भारतीय कायद्यात ठशांना जागा कधी मिळाली? आरोपी ठसे द्यायला नकार देऊ शकतो का?

१८९९ च्या पाचव्या अधिनियमाने पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये बोटांच्या ठशांची भर पडली, म्हणजे तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. ठसे घेण्याचा अधिकार १९२० च्या कैदी ओळख कायद्याने दिला होता. त्याच्या जागी २०२२ चा दंडप्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्यानुसार नोंदी ७५ वर्षे ठेवल्या जातात.

नकाराबद्दलचा मूळ निकाल मुंबई राज्याच्या खटल्यातला आहे. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड’, १९६१, सर्वोच्च न्यायालयाचे अकरा न्यायाधीश. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही; पण ठसा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. ठसा माणसाच्या मनातली माहिती सांगत नाही आणि त्याला तो बदलताही येत नाही, हा त्यामागचा तर्क.

१३. कागदावर दहा बोटांचे ठसे बिनचूक कसे घ्यायचे?

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. घाम सुटत असेल तर प्रत्येक बोट स्पिरिटने पुसून लगेच ठसा घ्या. काचेच्या किंवा धातूच्या पाटीवर हरभऱ्याएवढी छपाईची काळी शाई घ्या आणि रूळ फिरवून तिचा इतका पातळ थर करा की खालची पाटी किंचित दिसेल. बोट पहिल्या पेराच्या खालपर्यंत शाईवर लोळवा, मग कागदावर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच लोळवा. अंगठे शरीराच्या दिशेने, बाकीची बोटे शरीरापासून दूर. अवघडलेल्या स्थितीतून सैल स्थितीकडे हात गेला की धक्का बसत नाही. बोट तुम्ही फिरवायचे, समोरच्याने हात सैल सोडायचा आणि दुसरीकडे पाहायचे. तो मदत करायला गेला की ठसा घसरतो. शेवटी चार बोटे एकत्र आणि अंगठे सरळ दाबून घ्यायचे. त्यावरून लोळवलेल्या ठशांचा क्रम तपासता येतो. डाव्या-उजव्याची अदलाबदल इथेच पकडली जाते.

काय बिघडते? शाई जास्त झाली तर रेषांमधल्या पन्हळी बुजतात. जोर जास्त दिला तरी तेच. बोट पुढे-मागे फिरवले तर दुहेरी रेषा उमटतात. अर्धवट लोळवले तर डेल्टा सुटतो आणि प्रश्न ६ मधली मोजणी अशक्य होते. गवंडीकाम, भांडी घासणे, चुन्यातले काम करणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यांना शाई आणखी कमी आणि दाब हलका लागतो.

१४. न दिसणारा ठसा उजळवतात कसा?

घटनास्थळी मिळणाऱ्या अशा ठशाला आपल्याकडे चान्स प्रिंट म्हणतात. तो मुख्यतः घामाचा असतो: बहुतांश पाणी, थोडे क्षार व अमिनो आम्ले, आणि चेहऱ्या-केसांना हात लागल्यामुळे आलेली चरबी. काच, रंगवलेले लाकूड, स्टील अशा पाणी न शोषणाऱ्या कोरड्या पृष्ठभागावर भुकटी आणि मऊ ब्रश. ब्रशचे फक्त टोक लावायचे, रेषा दिसू लागल्या की त्यांच्याच दिशेने फिरवायचे. आधी मोजपट्टी ठेवून फोटो, मगच चिकटपट्टीने उचलणे, कारण पट्टी फाटली तर दुसरी संधी नसते. ओल्या वस्तूवर भुकटी मारली की चिखल होतो. ओली वस्तू प्लॅस्टिकमध्ये बांधली तरी ठसा जातो. सावलीत वाळवून मगच कागदी पाकिटात किंवा खोक्यात.

कागदासाठी निनहायड्रिन. ते १९१० पासून माहीत होते, ठशांसाठी वापरायची कल्पना १९५४ साली स्वीडनमधून आली. सुमारे ०.५ टक्के द्रावण, साधारण ८० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता. अमिनो आम्लांशी संयोग होऊन जांभळा ठसा उमटतो. ॲसिटोनमध्ये बनवलेले द्रावण मजकुराची शाई फोडते, म्हणून दस्तऐवजाचा फोटो आधीच काढावा. भिजलेल्या कागदावर निनहायड्रिन निकामी ठरते, कारण अमिनो आम्ले वाहून गेलेली असतात. तिथे चरबी पकडणारे चांदीचे द्रावण लागते. प्लॅस्टिकसाठी सुपरग्लूची वाफ, ही १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सापडली. बंद कपाट आणि सुमारे ८० टक्के आर्द्रता हवी. वाफ जास्त वेळ दिली की ठसा पांढऱ्या थरात बुडतो.

क्रम मोडू नका. नुसती नजर, मग तिरपा प्रकाश, मग आयोडीन, मग निनहायड्रिन, आणि चांदीची द्रावणे सर्वांत शेवटी. चांदी आधी लावली तर पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

१५. कुजलेल्या किंवा सुकलेल्या मृतदेहाचे ठसे मिळतात का?

पुष्कळदा मिळतात. सुरकुतलेल्या बोटाच्या पेरात सुईने पाणी किंवा ग्लिसरीन भरून ते फुगवतात. पाण्यात राहिलेल्या देहाची वरची कातडी मोज्यासारखी निघते. ती परीक्षक स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवून ठसा घेतो. ती फाटली असेल तरी खालच्या थरावर तीच आकृती फिकट का होईना असते. सुकून कडक झालेली बोटे आधी द्रावणात भिजवून मऊ करावी लागतात, आणि हे काम दिवसांचे आहे. घाईने ओढले तर कातडी तुटते.

१६. जुळ्यांचे ठसे सारखे असतात का? बोटे भाजून घेतली तर?

एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. गर्भाच्या साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यात रेषा घडू लागतात. आकृतीचा सर्वसाधारण ढंग आनुवंशिक असतो, म्हणून जुळ्यांना दोघांनाही चक्रे असू शकतात; पण रेषा कुठे फुटते, कुठे संपते हे गर्भातल्या बारीकसारीक दाबाताणावर ठरते.

रेषांचा साचा कातडीच्या खालच्या थरात असतो. वरवर कापले, भाजले तर तीच आकृती परत उगवते. खोल जखमेचा व्रण राहतो आणि तो व्रण स्वतःच नवी ओळख ठरतो. जॉन डिलिंजर या अमेरिकी दरोडेखोराने आम्ल लावून ठसे पुसायचा प्रयत्न केला होता. १९३४ साली तो मारला गेला तेव्हा उरलेल्या रेषांवरून ओळख पटली. जन्मतःच ठसे नसलेली माणसे जगात आहेत, फार थोडी. त्यामागचा एका जनुकातला दोष २०११ साली सापडला.

१७. ठसा जुळला म्हणायला किती खुणा जुळाव्या लागतात? चूक होऊ शकते का?

खुणा म्हणजे रेषा फुटते, संपते अशा जागा. भारतीय कायद्यात आकडा लिहिलेला नाही. लिऑनला १९१० साली पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार्ड याने बाराचा नियम सुचवला: स्पष्ट ठशात बाराहून जास्त खुणा असतील तर शंका नाही, आठ ते बारा असतील तर ठशाच्या दर्जावर अवलंबून. इंग्लंड-वेल्समध्ये सोळाचा दंडक होता, तो २००१ साली काढून टाकला. नुसता आकडा फसवा असतो. दुर्मीळ प्रकारच्या सात खुणा सर्रास आढळणाऱ्या बारांपेक्षा जास्त बोलतात.

चुका झालेल्या आहेत. मार्च २००४ च्या माद्रिदमधल्या रेल्वे स्फोटांनंतर डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने ब्रँडन मेफिल्ड या अमेरिकी वकिलाचा ठरवला. एफबीआयचे तीन परीक्षक आणि न्यायालयाने नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ, सगळ्यांचे एकमत. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले. चूक कशी झाली ते शिकण्यासारखे आहे. संगणकाने प्रचंड संग्रहातून सर्वांत जवळचा ठसा काढून दिला, म्हणजे साम्य असणारच. मग मेफिल्डचा ठसा पाहून परीक्षकांनी अस्पष्ट ठशात त्याच खुणा ‘सापडवल्या’. पुढच्या तपासणाऱ्यांना आधीचे मत ठाऊक होते. म्हणून नियम असा: घटनास्थळच्या ठशातल्या खुणा आधी नोंदवून सही करायची, संशयिताचा ठसा त्यानंतरच उघडायचा, आणि पडताळणी करणाऱ्याला पहिला निष्कर्ष सांगायचा नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १६९ परीक्षकांकडून चुकीची जुळणी ०.१ टक्का झाली, आणि जुळणारा ठसा नाकारला गेला ७.५ टक्के वेळा. प्रमाण लहान आहे, शून्य नाही.

१८. ठसा कधी उमटला हे सांगता येते का?

विश्वासाने सांगता येत नाही. ऊन, धूळ, पृष्ठभाग आणि घामाचा प्रकार यांवर सगळे बदलते. थंड, बंद जागी कागदावरचा ठसा वर्षानुवर्षे टिकतो. उन्हातल्या लोखंडावरचा काही तासांत जाऊ शकतो. म्हणून ठसा कुठे आहे याला फार महत्त्व. दुकानाच्या दाराबाहेरच्या मुठीवर ग्राहकाचा ठसा असणे यात नवल नाही. फोडलेल्या काचेच्या आतल्या बाजूला, तिजोरीच्या आतल्या कप्प्यावर असेल तर खुलासा मागावा लागतो. हलवता येणाऱ्या वस्तूवरचा ठसा, जसे बाटली किंवा वर्तमानपत्र, ती वस्तू तिथे कशी आली हे सिद्ध केल्याशिवाय दुबळा असतो.

१९. आता संगणक आहे, मग हेन्री पद्धत मेली का?

कपाटे गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘नाफिस’ ही संगणकावर ठसे शोधणारी यंत्रणा २०२२ पासून देशभर सुरू आहे. अटक झालेल्या व्यक्तीला दहा अंकी क्रमांक मिळतो. हेन्री पद्धतीला दहाही बोटे लागत, त्यामुळे घटनास्थळचा एकटा ठसा शोधता येत नसे. संगणक तो शोधतो. पण तो फक्त उमेदवारांची यादी देतो. निर्णय तज्ज्ञाचाच, आणि धोका कुठे आहे ते प्रश्न १७ मध्ये आले आहे.

२०. ठशांचा अहवाल सी.ए. रिपोर्टमध्ये येतो का?

नाही. महाराष्ट्रातल्या कोर्टात ज्याला सी.ए. रिपोर्ट म्हणतात तो न्यायसहाय्यक प्रयोगशाळेचा: रक्त, विष, व्हिसेरा (मृताचे आतले अवयव), डीएनए इत्यादी. हे नाव ‘केमिकल ॲनालायझर’वरून राहिले, मुंबईची प्रयोगशाळा १८७० सालची, मद्रास (१८४९), कोलकाता (१८५३) आणि आग्रा (१८६४) यांच्यानंतरची. ठशांचे काम राज्य सीआयडीच्या अंगुलीमुद्रा विभागाकडे असते, मुख्यालय पुणे. मुद्देमालावर रक्तही असेल आणि ठसाही, तर आधी कोणती तपासणी करायची हे दोन्हीकडच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवावे. डीएनएसाठी कापसाने पुसले की ठसा गेला. उलट, एकच ब्रश सगळीकडे फिरवला तर एका वस्तूवरचा डीएनए दुसऱ्या वस्तूवर जातो.